रविवारची खिंड

सुनेत्रा शेवडे दिवसभर अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकायची आणि ते टाइप करायची. चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये, कोचिंग क्लासच्या पाट्यांनी झाकलेल्या एका इमारतीत तिचं ऑफिस होतं. कानात हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. तिकडच्या कुठल्यातरी डॉक्टरने थकून, जांभया देत सांगितलेलं असायचं: अमुक वयाची बाई, पोटात दुखतं म्हणून आली, उघडून पाहिलं, सगळीकडे पसरलेलं होतं, बंद केलं. सुनेत्रा ते स्वच्छ इंग्रजीत उतरवायची, स्वल्पविराम तपासायची आणि पुढची फाइल घ्यायची. नव्या मुली सुरुवातीला एखाद्या लहान मुलाच्या फायलीशी अडायच्या, बाथरूममध्ये जाऊन डोळे धुऊन यायच्या. सुनेत्रा कधी उठली नाही. सुपरवायझर म्हणायचा, "शेवडे मॅडम को देखो, सीखो कुछ." हे कौतुकच आहे असं सगळे धरून चालत. तीही.

वडील, विंग कमांडर दिगंबर शेवडे, मूळचे वाईचे, हवाई दलात नेव्हिगेटर होते. चंदीगडहून लेहकडे माल घेऊन जाणाऱ्या विमानांत त्यांची बरीच वर्षं गेली. ओळखीचे बाकीचे मराठी अधिकारी निवृत्त झाले की पुण्याला जात. शेवडे राहिले, कारण बायको वंदना इथल्या शाळेत शिकवत होती आणि तिला शाळा सोडवत नव्हती. "दोन वर्षं अजून, मग जाऊ," असं म्हणता म्हणता त्यांनी चंदीगडबाहेर खरड गावात फ्लॅट घेतला. मोहालीच्या पलीकडे तेव्हा नुसती शेतं होती आणि शेतांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या, गिलावा न झालेल्या इमारती. थोरला मुलगा देवदत्त शिकून पुण्याला गेला, तिथेच नोकरीला लागला. २००१ साली वंदनाबाई कॅन्सरने गेल्या.

आई गेली तेव्हा सुनेत्राला काहीच वाटलं नाही. धक्का बसलाय, नंतर रडशील, असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून ती वाट पाहत राहिली. महिने गेले. तिने आईच्या साड्या वाटून टाकल्या, गॅस तिच्या नावावर होता तो बाबांच्या नावावर करून घेतला. रडू आलं नाही. पुढे एकदा लग्नाचं जुळत आलं आणि मोडलं, तेव्हाही तसंच. दात काढताना इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तर गाल आपला नाहीच असं वाटतं. तसं तिला सगळंच वाटायचं. त्याचा त्रास मात्र होत नव्हता. त्रास व्हायलाही काहीतरी जागं असावं लागतं.

खेळाची ओळख तिला हरप्रीतने करून दिली. हरप्रीत ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसायची. मोठ्याने हसणारी, डब्यात दोघींना पुरेल एवढा पराठा आणणारी. तिच्या खोलीवर शनिवारी तीन-चार जण जमून एक खेळ खेळत. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. मी दार उघडते, मी पळते, मी त्याच्याशी खोटं बोलते, असं आपापलं सांगायचं. आणि नशिबाचा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. हारजीत काही नाही. हरप्रीत म्हणाली, "तू बस तर एकदा, यार." सुनेत्रा बसली. लवकरच लक्षात आलं की गोष्ट चालवायचं काम तिला जमतं. कोण जगलं, कोण मेलं, फाशावर काय पडलं, हे ती एकाच आवाजात सांगायची. तिच्या तोंडून मरण ऐकताना भीती जास्त वाटते, असं लीना म्हणाली होती.

लीना मूळची अकोल्याची, सेक्टर ३२ च्या सरकारी हॉस्पिटलात शिकत असलेली डॉक्टर. या दोघींशिवाय बाकीचे खेळाडू येत-जात. चंदीगडात बाहेरून आलेलं कुणी फार टिकत नाही. बदली होते, कोर्स संपतो, व्हिसा लागतो. २००५ मध्ये हरप्रीत लग्न करून कॅनडाला गेली. त्याच सुमाराला लीनाही अकोल्याला परतली. खेळ संपला असं सुनेत्राने मानलं आणि वहीत काढलेले खेळाचे नकाशे रद्दीत टाकले.

पण हरप्रीत ऐकणारी नव्हती. तिने तिकडून एक प्रोग्राम शोधून पाठवला. टेबलाभोवती बसायचं ते टेबलच त्यात पडद्यावर यायचं. मधे नकाशा, नकाशावर गोल सोंगट्या, प्रत्येकीवर चेहरा. ज्याची सोंगटी त्यानेच ती सरकवायची. अकोल्यात सरकवली की तिकडे कॅनडात, हरप्रीतच्या ब्रॅम्प्टनमध्ये सरकलेली दिसायची. फासेही पडद्यावरच, सगळ्यांसमोर पडणारे, त्यामुळे लबाडीला वाव नाही. नकाशाचा न पाहिलेला भाग काळा राहायचा आणि सोंगट्या पुढे जातील तसतसा उजळत जायचा. पूर्ण नकाशा फक्त गोष्ट चालवणारीला दिसायचा. सुनेत्राने एकच अट घातली. बोलायचं नाही, टाइप करायचं. आठवडाभर तिच्या कानात माणसं असत. रविवारी तिला कान रिकामे हवे होते.

मग दर रविवारी संध्याकाळी, कॅनडात सकाळ असताना, तिघी बसू लागल्या. गोष्ट अशी होती की मिठाचा एक तांडा बर्फाच्या डोंगरातून पलीकडच्या गावाला निघालाय. लीना जडीबुटी विकणारी वैदूबाई होती, हरप्रीत फौजेतून पळालेली शिपाई. सोबत एक हमाल होता, तो कुणाचाच नव्हता. मिठाची पोती वाहायला कुणीतरी हवं म्हणून सुनेत्राने ती सोंगटी ठेवली होती.

२००६ च्या फेब्रुवारीत बाबांना पक्षाघात झाला. सकाळी दाढी करता करता ते बेसिनवर कलले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकलेलं बरंचसं समजे. पण जिभेवर शब्द येत नव्हता, लिहिलेलं वाचता येत नव्हतं. आयुष्यभर पायलटला "इतके अंश डावीकडे" सांगत आलेला माणूस पाणी मागायला पेल्याकडे बोट दाखवू लागला. सुनेत्राने दिवसासाठी एक बाई ठेवली, वामकुक्षीची आणि औषधांची वेळ बसवली, ऑफिसात शिफ्ट बदलून घेतली. सगळं नीट केलं. देवदत्त पुण्याहून आला, आठ दिवस राहिला, परतताना विमानतळावर तिला म्हणाला, "सुनू, तू ठीक आहेस ना?"

"आहे की."

"एकदा तरी रडून घे गं."

"बघते," ती म्हणाली. भाजी आणते म्हणावं तशी.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी चित्रं दाखवायला सांगितलं होतं. त्यासाठी देवदत्तने आपला जुना लॅपटॉप पाठवला. सफरचंद, घड्याळ, छत्री. बाबा बघायचे आणि मान फिरवायचे. रविवारी मात्र सुनेत्रा कॉम्प्युटरसमोर बसली की ते खुर्ची ओढायला लावत आणि तिच्या खांद्यामागून नकाशा बघत बसत. कंटाळा गेला तर बरंच, असं समजून ती काही बोलली नाही.

एका रविवारी ती चहा टाकायला उठली. परत येते तो लीनाने टाइप केलेलं: "हमाल कोण हलवतंय?"

हमालाची सोंगटी तांड्यापासून सुटून डोंगराच्या उजव्या अंगाने वर गेली होती. बाबांचा डावा हात माउसवर होता, नवख्यासारखा, पालथा. सोंगटी एक घर पुढे, थांबायची, परत एक घर. सुनेत्राच्या पडद्यावर पूर्ण नकाशा उघडा होता. तिने आखलेली हिमदरी त्यांना दिसत होती आणि ते तिला वळसा घालून रीतसर रस्ता काढत होते.

तिने चहाचा कप ठेवला आणि टाइप केलं, "माझे वडील आहेत."

"अंकलजी! वेलकम जी!" हरप्रीतने लिहिलं. पाठोपाठ लीनाचं, "पण काकांना सगळा नकाशा दिसतोय, ही चीटिंग आहे."

पुढच्या आठवड्यापासून सुनेत्राने देवदत्तचा लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. त्यावर त्यांना इतरांसारखंच, काळं झाकलेलं दिसणार. झाकलेला डोंगर पाहून ते प्रथम रागावले, लॅपटॉपला टिचकी मारली. मग बराच वेळ त्या काळ्याकडे बघत राहिले. हमाल अंधाराच्या कडेला गेला. थोडं उजळलं. ते मागे टेकले, तोंडाची डावी बाजू किंचित वर गेली. ते हसणं होतं. सुनेत्राने पाहिलं आणि लीनाला पुढचा फासा टाकायला सांगितला.

वर्षभर असं चाललं. हमाल बोलत नसे, पण रस्ता तोच काढी. हरप्रीतची शिपाई त्याला सलाम करू लागली. बाबांना ते वाचता यायचं नाही, सुनेत्रा वाचून दाखवायची, आणि ते डावा हात कपाळापर्यंत न्यायचे.

मग खिंडीत लीनाची वैदूबाई पडली. घसरड्या कडेवरून जायचं होतं, फासा टाकावा लागणार होता, आणि फाशावर एक पडला, सगळ्यात वाईट दान. दोर टाकून तिला धरण्यासाठीचा फासा हरप्रीतने टाकला, तोही वाया गेला. सुनेत्राने नेहमीच्या सुरात टाइप केलं की दोर तुटला, बाई खाली दरीत दिसते आहे, हलत नाही. तिने सोंगटी फिकी करून दरीच्या तळाशी ठेवली. लीना अशा बाबतीत रडकी नव्हती. "चालायचंच. दुसरी कुणीतरी होते मी," तिने लिहिलं.

हमाल मात्र कड्याच्या टोकाशी गेला आणि तिथे थांबला.

पुढच्या रविवारी तांडा निघाला. हमाल निघाला नाही. सुनेत्राने त्याची सोंगटी उचलून तांड्यात आणली; बाबांनी ती परत नेऊन ठेवली. तिने पुन्हा आणली, त्यांनी पुन्हा नेली. शेवटी तिने नकाशाच बदलून पुढच्या गावाचा लावला, तेव्हा त्यांनी लॅपटॉप ढकलून दिला आणि त्या संध्याकाळी जेवले नाहीत. मग तिने सोपा उपाय केला. त्यांच्या लॅपटॉपवर खिंडीचा जुना नकाशा तसाच राहू दिला. रविवारीच नव्हे, रोज. ते दुपारभर त्याच्यासमोर बसत. कड्यावर एक सोंगटी, खाली एक. सांभाळणारी बाई म्हणे, "साब का टीवी लगा दो."

आई शेवटी हॉस्पिटलात होती तेव्हा बाबा असेच बसत. डबा, रिपोर्ट, रक्ताची बाटली, धावपळ सगळी सुनेत्राकडे. ते पलंगाशेजारच्या स्टुलावर, हालत नसत. सुनेत्राला हे आठवलं, दोन्हींतलं साम्य तिला स्पष्ट दिसलं. दिसलं, एवढंच. ती ऑफिसला गेली.

मे महिन्यात देवदत्त आला. दोन दिवस त्याने ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना भडकला.

"हे काय लावलंयस, सुनू? मी लॅपटॉप त्यांनी बोलावं म्हणून पाठवला होता. तू त्यांना व्हिडिओ गेमसमोर बसवून ठेवलंयस! आणि गेम तरी कुठे, दोन ठिपके आहेत."

"ते मागतात, दादा."

"मागतात म्हणून? चित्रं दाखवायची सोडून? एक महिन्यात पुण्याला घेऊन जातो मी त्यांना. तुला काही पडलेलीच नाही."

हे त्याने चिडून म्हटलं होतं, पण सुनेत्राने ते तपासून पाहिलं, फाइल तपासावी तसं. खरं असेल, असं तिला वाटलं. आणि दोन ठिपक्यांबद्दलही त्याचं बरोबर होतं. ती उठली, बाबांच्या शेजारी बसली, म्हणाली, "बाबा, आता हे पुरे. नवीन काहीतरी लावू." आणि तिने आपल्या कॉम्प्युटरवरून दरीतली सोंगटी पुसली. बाबांच्या पडद्यावरूनही ती गेली.

"आहे," बाबा म्हणाले.

आवाज खरखरीत होता, गंज चढलेल्या कडीसारखा. देवदत्त हातातला घास ताटात टाकून धावत आला. "काय म्हणाले? बाबा, काय म्हणालात?"

"आहे. आहे. आहे." डावं बोट दरीच्या तळावर, काचेवर टकटक.

देवदत्त गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. सुनेत्राने सोंगटी परत आणली, होती त्याच घरात. मग ती ओट्याशी गेली. भांडं हातातून सुटून दुधासकट फरशीवर आपटलं. ती रिकाम्या हाताकडे बघत उभी राहिली. आत कुठेतरी काहीतरी चाललंय आणि आपल्याला त्याची फक्त बातमी मिळतेय, असं तिला वाटलं. तिने फडकं घेतलं आणि दूध पुसलं.

ही काही चमत्काराची गोष्ट नाही. संध्याकाळी बाबांनी चहालाही "आहे" म्हटलं, पंख्यालाही, आणि शौचाला जायचं होतं तेव्हाही. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं की अशा आजारात एखादाच शब्द हाती लागतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो, त्यात फार अर्थ शोधू नका. देवदत्तला ते पटलं नाही. सुनेत्राला पटलं. पण देवदत्तने पुण्याला न्यायचा विषय त्या वेळी काढला नाही, आणि जाताना लॅपटॉपचा नवा चार्जर घेऊन दिला.

रविवारी सुनेत्राने हे हरप्रीत आणि लीनाला सांगितलं, नेहमीसारखं, जसं घडलं तसं. मग हरप्रीतने लिहिलं, "गाँव में वैसे भी क्या रखा है. वापस चलते हैं." आणि तांडा मागे फिरला.

मिठाचं पलीकडच्या गावाला जाणं तिथेच राहिलं. तिघी कड्यावर मुक्कामाला राहिल्या. हरप्रीतच्या शिपायाने दगडाची खोपी बांधली, लीनाच्या नव्या माणसाने चूल पेटवली. फासा टाकायची वेळ क्वचितच यायची. गोष्ट थांबली तेव्हा त्या दुसरंच टाइप करू लागल्या. हरप्रीत कॅनडात एका गोदामात उभ्याने खोकी भरत होती आणि नवऱ्याशी तिचं बोलणं बंद होतं. आजवर तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. लीनाच्या हातून वॉर्डात एक बाळंतीण गेली होती, चूक तिची नव्हती तरी लीना त्या बाईच्या घरासमोरून जाणारा रस्ता टाळायची. सुनेत्रा सगळं वाचायची. एकदा लीनाने विचारलं, "तुला काय होतं गं, आम्ही हे सांगतो तेव्हा?" सुनेत्राने खरं ते लिहिलं, "काही होत नाही. पण मी पुढच्या रविवारची वाट बघते."

"मग होतंय की काहीतरी," लीनाने लिहिलं.

२००८ च्या शेवटी अमेरिकेत मंदी आली आणि सेक्टर ३४ मधलं ऑफिस आधी अर्धं रिकामं झालं, मग बंद पडलं. आवाज ऐकून आपोआप टाइप करणारी यंत्रं आली होती, आणि तिकडचे दवाखाने पैसे वाचवायला बघत होते. त्याआधीच, दिवाळीनंतर, देवदत्त बाबांना पुण्याला घेऊन गेला. त्या वेळी कुणी भांडलं नाही. सुनेत्राने बॅग भरली, लॅपटॉप कसा जोडायचा ते वहिनीला फोनवर सांगितलं. रविवारी हमाल पुण्याहून येऊ लागला. कधी तास, कधी दहा मिनिटं. जानेवारीत एका पहाटे झोपेतच बाबा गेले.

ती पुण्याला पोचली. पंधरवडाभर लोक येत राहिले. चंदीगडचे जुने शेजारी, निवृत्त होऊन पुण्यात स्थिरावलेले अधिकारी, वाईचे चुलते. तेराव्यानंतर घर रिकामं झालं तेव्हा भावंडं गच्चीत बसली होती. देवदत्त म्हणाला, "तुला रडू आलं?"

"नाही."

"मलापण नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी खरडला रडलो होतो तेवढंच. आता काहीच नाही. स्मशानात मी पार्किंगचा विचार करत होतो, सुनू. मला वाटलं, आपण राक्षस आहोत की काय."

सुनेत्राने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तो तिला रडायला सांगत आला होता. "नाही रे," ती म्हणाली. "असं असतं. भीती वाटून घेऊ नकोस. कामं करत राहायची."

"किती दिवस असतं?"

"मला आठ वर्षं झाली."

त्याला हसू फुटलं, आणि ते ऐकून तिलाही. दोघं तिथे बराच वेळ भलत्याच कारणाने हसले, वहिनी वर येऊन काय झालं म्हणून बघून गेली.

सुनेत्रा चंदीगडला परतली. खरडजवळच्या एका खाजगी कॉलेजात मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. ही मुलं समोर बसतात, मधेच प्रश्न विचारतात, पेडल सोडून त्यांना बंद करता येत नाही. पहिलं वर्ष तिला त्याचा फार शीण यायचा. हरप्रीतला मुलगी झाली आणि रविवारचा खेळ महिन्यावर आला, मग लीनाच्या लग्नानंतर थांबला. प्रोग्राम तिच्या कॉम्प्युटरवर कित्येक दिवस होता; पुढे कॉम्प्युटरच बदलला.

रविवारी आता देवदत्तचा फोन येतो. पाणी किती वाजता येतं, वहिनीची गुडघेदुखी, कॉलेजातली पोरं, असं काहीबाही बोलतात. मागे एकदा तिने वर्गात एका मुलीचा निबंध वाचता वाचता मधेच थांबून पाणी प्यायल्याचं त्याला सांगितलं.

"का? काय होतं निबंधात?"

"काही विशेष नव्हतं. आजोबांच्या गावी जायची बस. मला पुढे वाचवेना."

"मग?"

"मग पाणी प्यायले आणि वाचलं," सुनेत्रा म्हणाली, आणि त्याला विचारलं, तू जेवलास का.